हलीमा, तुझा फोन माझ्याकडे आहे

हलीमा, गेल्या मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मस्कतजवळच्या सीबमधल्या तुझ्या स्वयंपाकघरात तू ओट्याला टेकून खाली बसलीस आणि परत उठली नाहीस. शेजारच्या मल्याळी बाई दारात उभ्या राहून तुझ्याशी बोलत होत्या, म्हणून वेळ नक्की सांगता येते. तुझी लेक सना शाळेत पोचली होती. तिचे वडील इक्बालभाई दूर सहमला, दुकान उघडत होते. हॉस्पिटलच्या कागदावर हृदयक्रिया थांबल्याचं लिहिलं आहे. त्याच दिवशी दुपारच्या असरच्या नमाजनंतर दफन झालं.

एवढं पक्कं आहे. त्या दिवसापासून तुझ्याबद्दल बरंच काही बोललं आणि लिहिलं जातंय, आणि त्यातलं पुष्कळसं पक्कं नाही. तुझ्या शेवटच्या व्हिडिओखाली कोणीतरी लिहिलं, ‘घाणेरड्या कॉमेंट्सनी हिचा जीव घेतला.’ लिहिणारीचा हेतू चांगला होता. मी ती कॉमेंट काढली. डॉक्टरांनी तसं म्हटलेलं नाही, तूही कधी म्हटलं नव्हतंस, आणि ज्यांनी तुला नावं ठेवली त्यांना एवढं मोठं श्रेय द्यायला माझा हात धजेना. तू असतीस तर ठेवली असतीस की काढली असतीस? हा पहिला प्रश्न. असे बरेच आहेत. तुझ्यावर लिहायला बसले तर हातात उत्तरांपेक्षा प्रश्नच जास्त निघाले, म्हणून तेच तुला लिहिते आहे.

आपली ओळख शाळेच्या बसथांब्यावर झाली. माझी मुलगी आणि तुझी सना एकाच बसने जायच्या. तू काळा अबाया घालून सावलीत उभी होतीस. तुझा रंग, तुझं नाक, ओढणीच्या कडेतून निसटलेले तुझे बारीक कुरळे केस पाहून मी तुला ओमानीच समजले, झांझिबारहून परतलेल्या कुटुंबांपैकी कोणी. मी इंग्रजीत विचारलं, बस गेली का? तू माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलंस. पुण्याच्या मिठाईवाल्याची होती ती.

“मराठी येतं ना तुम्हाला?” तू म्हणालीस. “मग बोला की.”

मी विचारलं, गाव कुठलं? तू म्हणालीस, मुरूडकडचं. आणि मी, सतरा वर्षं मुंबईत वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढलेली बाई, पुढे विचारलं, “नाही, पण मूळ कुठलं?”

तू तेव्हा हसली होतीस. नंतर कधीतरी म्हणालीस, “त्या दिवशी बस लवकर आली म्हणून वाचलीस.”

मुरूड माहीत असलेल्या कुणालाही जंजिऱ्याचे सिद्दी माहीत असतात. मलाही माहीत होते. शाळेच्या पुस्तकातले. किल्ला, तोफा, नवाब. त्या किल्ल्याच्या समोरच्या किनाऱ्यावर आजही सिद्दी राहतात, भाकऱ्या भाजतात, बोटीवर जातात, मुली सौदी, दुबई, मस्कतला दिलेल्या आहेत, आणि त्यातली एक माझ्या शेजारी उभी राहून बसची वाट बघू शकते, एवढं मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तुझे खापरपणजोबा कुठून आले, कोणी आणलं, ते तुला ठाऊक नव्हतं. तुला त्याचं फार कुतूहलही नव्हतं. मलाच होतं. “तुझे खापरपणजोबा कुठून आले?” तू मला उलट विचारलंस. मलाही सांगता आलं नाही.

तुझे व्हिडिओ मी त्यानंतर पाहिले. कोकणातून नव्यानं ओमानात आलेल्या बायकांसाठी तू ते करायचीस. रेसिडेंट कार्डासाठी कुठले कागद लागतात, कुठल्या बसनं कुठे जायचं, मुलीला ताप आला तर कुठल्या खिडकीवर उभं राहायचं. सगळ्यात जास्त पाहिले जायचे ते सीबच्या जुन्या बाजारातले, मासळीचे. एका हातात सुरमई धरून तू म्हणायचीस, “बायांनो, ही आपली सुरमई. इथे हिला कनद म्हणायचं. सुरमई सुरमई करत बसलात तर तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील.” मासेवाला म्हातारा तुझ्याशी झराझरा अरबीत बोलायचा. तू त्याला अकरा वर्षं सांगत होतीस की मी हिंदी, म्हणजे हिंदुस्थानची. तो मान डोलवायचा आणि पुन्हा तुझ्या आजोळची चौकशी करायचा, ते इथल्या खाबुऱ्याचं की सुवेकचं?

“बघ,” तू मला म्हणालीस, “इथला मनुष्य मला सोडायला तयार नाय, आणि आपले लोक घ्यायला तयार नाय.”

आपले लोक कॉमेंटमध्ये काय लिहायचे ते इथे सगळं देत नाही. तव्याचा रंग आणि तुझा रंग. हिला कुठून पकडून आणली. मराठी पाठ करून बोलते. दिवा लावा, बाई दिसत नाही. मराठी टाइप करायला वेळ लागतो. माणसं तो वेळ काढत होती.

आता माझी चूक. ती तुला माहीत आहे, वाचणाऱ्यांना नाही.

एका व्हिडिओखाली कोणीतरी लिहिलं की ही बाई मराठी नाहीच, पैसे देऊन आणलेली आफ्रिकन आहे. खाली हसणाऱ्यांची रांग लागली. चुकीची माहिती छापली गेली की दुसऱ्या दिवशी खुलासा द्यायचा, अशा शिस्तीत मी वाढले. मी माझ्या नावानं खुलासा दिला. सात ओळींचा. तुझं पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा. वडील बोटीचे प्रमुख, तांडेल होते. शिक्षण गावच्या मराठी शाळेत, सातवीपर्यंत. कुटुंब कित्येक पिढ्या कोकणात. एकही शब्द खोटा नव्हता. बातमीत माणसाच्या नावापुढे गाव लिहिल्याशिवाय आमच्याकडे ओळ पुढे सरकत नाही. गाव नसलेलं नाव म्हणजे अर्धवट नाव. मी ते पूर्ण केलं आणि समाधानानं फोन ठेवला.

दोन दिवसांत तो व्हिडिओ माझ्या खुलाशासकट तुझ्या गावच्या जमातीच्या ग्रुपवर पोचला. तुझा भाऊ नईम याचा फोन आला. तू स्पीकरवर ठेवला होतास, मी समोर बसले होते.

“चेहरा दाखवून माशे विकतंस काय?”

“विकत नाय, दाखवतेय.”

“एकच झालं. अम्मीला लोक दारात येऊन विचारतात. बंद कर ते.”

त्यानं फोन ठेवला. तू माझ्याकडे वळलीस. मग विचारलंस, “तू मना विचारलंस?”

मी म्हणाले, ते खोटं बोलत होते, मी खरं लिहिलं.

“त्यांनी पुरावा मागितला, तू काढून दिलास. माझा पुरावा. तुझा कोणी मागितला का कधी?” आणि पुढे, “माझं गाव माझ्या तोंडातून जायला पाहिजे होतं.”

 तेव्हा मी आणखी एक चूक केली. तुला समजावलं की खुलासा काढून टाकला तर ते आणखी संशय घेतील. तू उठून चहाचे कप धुतलेस. तो इशारा होता, मी निघाले. पुढचे सहा आठवडे बसथांब्यावर तू रस्त्याच्या पलीकडे उभी राहायचीस.

चॅनल तू बंद केलं नाहीस. पण तुझा चेहरा गेला. नुसते हात दिसायचे, हात आणि मासे. भावाशी झालेली ती तडजोड असावी असं मी धरून चालले, तू तसं सांगितलं नव्हतंस. मग कॉमेंट करणाऱ्यांनी तुझ्या हातांबद्दल लिहायला सुरुवात केली.

सातव्या आठवड्यात तू रस्ता ओलांडून आलीस.

“माझा फोन वाचायला माणूस नाय,” तू म्हणालीस. “तुला वाचता येतं. गुरुवारी चार वाजता ये, मी घेऊन जाते.”

ती शिक्षा होती की माफी, हे मी तुला विचारायला हवं होतं. नंतर राहूनच गेलं.

बीबी झुवेनाचं घर तुझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. झांझिबारमध्ये जन्मलेली, लहानपणी आईच्या कडेवर ओमानात आलेली, आता साठीची. नारळाच्या दुधातल्या भाताचे आणि मंडाझीचे, तिकडच्या तळलेल्या गोड पावाचे, व्हिडिओ करते. तिच्याच देशातली पोरं तिला लिहितात, जिथून आलीस तिथे परत जा. दुसरी ग्रेस, केनियाची, शाळेत गणित शिकवते आणि केसांची निगा कशी राखावी यावर बोलते. तिला जगभरातून शिव्या येतात. आणि तू. बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून गाद्या, मध्ये खजुराचं ताट, कहव्याची सुरई, आणि बाजूला लाकडाच्या रुंद दातांच्या दोन फण्या.

तुमचा नियम मला झुवेनानंच समजावला, तिच्या ओमानी हिंदीत. “अपना फोन खुद नहीं पढ़ने का. दूसरा पढ़ेगा. जो खराब है, वो निकालेगा. जो अच्छा है, वो ज़ोर से बोलेगा. और क्या निकाला, वो कभी नहीं बताएगा. खलास.”

आठवडाभर कोणी आपल्या कॉमेंट उघडायच्या नाहीत. गुरुवारी फोन उघडून दुसरीच्या हातात द्यायचा. फोन दिला की तुमची वेणी घातली जायची. झुवेना किंवा ग्रेस मागे बसून केस सोडवायची आणि समोरची तुमचा फोन वाचायची. फोन नाही तर वेणी नाही.

झुवेनाचा फोन ग्रेस वाचायची, ग्रेसचा तू, इथे शिकलेल्या इंग्रजीवर. तुझ्या मराठी कॉमेंट वाचणारं कोणी नव्हतं. मी येण्याआधी झुवेनानं भाषांतराचं ॲप लावून पाहिलं होतं. तव्यावरची ती ओळ ॲपनं तिला ‘तुम्ही उत्तम तव्यासारख्या आहात’ अशी काहीशी करून दिली आणि तिनं ती मोठ्यानं, प्रेमानं वाचून दाखवली. तू इतकी हसलीस की ग्रेसच्या हातातली वेणी सुटली. हे मला ग्रेसनं सांगितलं. त्यानंतर कित्येक दिवस ती तुला ‘गुड पॅन’ म्हणत होती.

मी एवढी वर्षं दुसऱ्यांची कॉपी तपासली. काय ठेवायचं, काय कापायचं, हे मला येतं अशी माझी समजूत होती. पहिल्याच गुरुवारी मी मोठ्यानं वाचलं, “‘काळी असली तरी किती छान मराठी बोलते ही ताई.’”

तुझं डोकं झुवेनाच्या मांडीवर होतं. तू डोळे न उघडता म्हणालीस, “काढ.”

“चांगलं लिहिलंय की तिनं.”

“अगो, पहिली तीच काढ. शिवी देणाऱ्याला ठाऊक असतं तो शिवी देतोय. हिला ठाऊक नाय.”

“ठाऊक नाही म्हणून तर सोडून दे ना. उत्तर दे हवं तर.”

“मी किती जणांना शिकवू? माशे दाखवू की शाळा काढू?”

ग्रेसनं विचारलं काय चाललंय. मी इंग्रजीत सांगितलं. ती म्हणाली, माझ्याकडे अशा गोणीभर आहेत. झुवेना म्हणाली तिच्याकडेही. मग तिघी त्याबद्दल तासभर बोललात, तीन भाषांत, आणि मी पहिल्यांदा पाहिलं की जे मी एकेकटीचं दुखणं समजत होते ते इथे सगळ्यांना तोंडपाठ होतं. कोणी कोणाला काही सिद्ध करून दाखवत नव्हतं. मूळ कुठलं, हा प्रश्न त्या खोलीत मी कधी ऐकला नाही.

ती कॉमेंट मी काढली. पण तो वाद मिटला नाही. तुझं म्हणणं होतं की न कळत केलेला अपमान जास्त लागतो, माझं म्हणणं होतं की तो सुधारता येतो. गेल्या महिन्यातसुद्धा आपण भाजी निवडताना त्यावर भांडलो. आता माझी बाजू थोडी तुझ्याकडे सरकली आहे, पण तुला ते सांगून काय उपयोग, तू लगेच म्हणाली असतीस, मग इतके दिवस का भांडलीस?

त्याच पहिल्या गुरुवारी तू मला एक काम दिलंस. चॅनलच्या सेटिंगमध्ये शब्दांची एक यादी ठेवता येते. त्यातला शब्द ज्या कॉमेंटमध्ये येईल ती लोकांना दिसत नाही, बाजूला थांबवून ठेवली जाते. शिव्या मी भरल्या, देवनागरीत आणि इंग्रजी अक्षरांत, जितक्या प्रकारे लिहिल्या जातात तितक्या. शेवटी तू तुझ्या गावाचं नाव टाकायला सांगितलंस.

“गावाचं नाव असलेली एकही ठेवायची नाय. चांगली, वाईट, एकही. वाचून काढून टाक. अम्मीपर्यंत काही जायला नको.”

मी नाव भरलं. तेव्हापासून मी ते कुठेही लिहिलेलं नाही.

पण दोन गोष्टी मी तुझ्यापासून लपवल्या, आणि त्यासाठी हा लेख आहे.

पहिली अशी की काढून टाकण्याआधी मी प्रत्येक कॉमेंटचा फोटो माझ्या फोनमध्ये ठेवत होते. मूळ प्रत फाडायची नाही, ही सवय. पुढेमागे यावर सविस्तर लिहीन, तेव्हा पुरावा लागेल, असं मी स्वतःला सांगत होते. पुन्हा पुरावा. तू कधीतरी विचारायचीस, “आज किती होत्या?” मी म्हणायचे, थोड्या. तू पुढे विचारायची नाहीस. झुवेना दर गुरुवारी माझ्यापुढे हात करायची. “तुम्हारा फोन?” मी म्हणायचे, माझे कुठे व्हिडिओ आहेत, माझ्या फोनमध्ये काही नाही. “हर फोन में कुछ होता है,” ती म्हणायची आणि माझ्या सरळ केसांकडे पाहून फणी खाली ठेवायची. तू खजूर खात बसायचीस. तुला संशय होता का?

दुसरी गोष्ट जास्त कठीण आहे. गावाचं नाव घालून येणाऱ्या कॉमेंट वाईट नव्हत्या. सुरुवातीच्या दोनचार सोडल्या तर नव्हत्याच. तुझ्या वर्गातली शबाना होती, तुला बाकावरची शाई आठवते का विचारणारी. तरीवर, खाडी ओलांडणाऱ्या होडीवर, काम करणारा एकजण होता, तुझ्या वडिलांनी त्याला वल्हवायला शिकवलं म्हणून सांगणारा. आणि एक मुलगी होती. प्रोफाइलवर चेहरा नव्हता, फुलाचं चित्र होतं. तिनं तीन वेगवेगळ्या व्हिडिओंखाली जवळजवळ तेच लिहिलं होतं: मी पण तुमच्याच गावची, माझे केस पण तुमच्यासारखेच आहेत, शाळेत सगळ्या हसतात, तुम्ही आता तोंड का दाखवत नाही?

मी तिन्ही वेळा ती काढली. एकही ठेवायची नाही असं तू सांगितलं होतंस, आणि काय काढलं ते सांगायचं नाही असा नियम होता. एकदा मी तुला न विचारता केलं होतं, त्याचं फळ पाहिलं होतं. या वेळी मी शब्दन् शब्द पाळला. तिसऱ्या वेळी, वाचून झाल्यावर, मी तुझ्याकडे पाहिलं. ग्रेस तुझ्या मानेवरची शेवटची वेणी घालत होती आणि तू तिला भाकरी थापायची कशी ते हवेत करून दाखवत होतीस. मी म्हणाले, झालं, आज फार नव्हतं.

सोमवारी दुपारी काय झालं, हे मला जोडून पाहावं लागलं. सना शाळेतून आली तेव्हा तू तिच्या नानीशी व्हिडिओ कॉलवर होतीस. सना म्हणते, पुष्कळ वेळ. काय बोलणं झालं ते तिला माहीत नाही, ती हेडफोन लावून जेवत होती. मी तुझ्या अम्मींना विचारलेलं नाही. आत्ता विचारणं योग्य नाही, आणि त्यांनी स्वतः सांगितलं तरच ते माझ्याकडे येईल, एवढं मी शिकले आहे. कॉल संपल्यावर तू सनाला म्हणालीस, चल, बाजारात. कॅमेरा तू धर.

“मी मम्मीला विचारलं, हॅन्ड्सच घ्यायचे ना?” सना मला सांगत होती. “तर मम्मी बोलली, नो, नो. तोंड. तोंड नीट दिसू दे.”

आठ महिन्यांनी. मी तो व्हिडिओ सोमवारी संध्याकाळी पाहिला. तू ओढणी मागे सारली होतीस, झुवेनानं घातलेल्या वेण्या दिसत होत्या. मासेवाला म्हातारा मागून म्हणत होता, यल्ला, यल्ला, घे ना आता. पहिल्याच वाक्यात तू तुझं गाव सांगितलंस. मी ऐकलं आणि पुन्हा मागे नेऊन ऐकलं. तुला फोन करायचा होता. म्हटलं गुरुवारी भेटणारच आहोत. उरलेलं सगळं या एका वाक्यात राहिलं आहे.

बुधवारी नईमचा इक्बालभाईंना फोन आला. रडत होता. रडतानाच म्हणाला, आता तरी ते बंद करा, मयताचा चेहरा असा लोकांपुढे फिरायला नको. इक्बालभाई त्याच्याशी भांडले नाहीत. त्यांच्यात ताकद नव्हती. त्यांनी तुझा फोन टेबलावर ठेवला आणि सनाला म्हणाले, “तू सांगशील तसं.” चौदा वर्षांच्या मुलीवर हे टाकावं का, असं माझ्या तोंडावर आलं होतं.  एका बोटानं दाबलं तर चॅनल गेलं असतं, सुरमईसकट, कनदसकट, तुझ्या आवाजासकट.

सना म्हणाली, “आधी मला सगळं रीड करायचंय. मम्मीला लोकांनी काय लिहिलं, सगळं.”

तिला मराठी वाचता येतं, पण अक्षर लावून लावून. तेवढं तरी यावं म्हणून तू तिला दर शुक्रवारी दुकानांच्या जुन्या पिशव्या वाचायला लावायचीस. आणि तू मला दोनदा बजावलं होतंस की त्या कॉमेंट पोरीच्या डोळ्यांपुढे जाता कामा नयेत. मी सनाला म्हणाले, गुरुवारी. झुवेनाकडे. तिथला नियम तुला माहीत आहे ना?

“अपना फोन खुद नहीं पढ़ने का,” तिनं झुवेनाच्याच आवाजात म्हटलं. मंगळवारनंतर ती पहिल्यांदा हसली, आणि मग लगेच नाही.

बुधवारी दुपारी मी माझ्या फोनमधली त्या फोटोंची फाइल उघडली. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा वाचली. मग एकेक करत शिव्या पुसल्या. सविस्तर लेख त्याबरोबर गेला. तुझ्या गावाचं नाव असलेल्या चांगल्या कॉमेंट तेवढ्या ठेवल्या. अकरा आहेत.

गुरुवारी चार वाजता आम्ही जमलो. तुझी गादी कोणी अडवली नाही, सना तिच्या बाजूला बसली. झुवेनानं तिची ओढणी काढली आणि रुंद दातांची फणी तिच्या केसांत घातली. सनाचे केस तुझ्यासारखेच आहेत. ती ते गेल्या वर्षापासून इस्त्रीनं सरळ करत होती, तू वैतागायचीस. सनानं तुझा फोन उघडून माझ्या हातात दिला. मग झुवेनानं नेहमीसारखा माझ्यापुढे हात केला.

“तुम्हारा फोन?”

मी फोन उघडला आणि तिच्या हातात न देता सनाच्या हातात दिला. म्हणाले, हे तुझ्या मम्मीला आलेलं आहे. मी तिला दाखवलं नव्हतं. मला दाखवायला हवं होतं का, ते मला अजून कळलेलं नाही.

सना वाचू लागली. “श… बा… ना. आंटी, शबाना कोण?” मी सांगितलं. ग्रेस इंग्रजीत विचारत होती, झुवेना हिंदीत. सनानं अकराही वाचल्या. पाऊण तास लागला. फुलाच्या चित्रावाल्या मुलीपाशी ती थांबली, पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि विचारलं, “हिला मम्मीने रिप्लाय दिला?”

मी म्हणाले, नाही. तिनं पाहिलंच नव्हतं. मी काढून टाकली होती.

“तीन वेळा?”

“तीन वेळा.”

सनानं माझा फोन मला परत दिला. तिची वेणी पुरी झाली तेव्हा ती म्हणाली, चॅनल राहू दे. मी तिला विचारलं, मी मम्मीवर लिहिणार आहे, गावाचं नाव लिहू का?

“मम्मीने स्वतः सांगितलं ना,” ती म्हणाली. “मग लिहा.”

आज शनिवार आहे. तुझा फोन पुढच्या गुरुवारपर्यंत माझ्याकडे आहे. चॅनल चालू आहे. सकाळी मी सेटिंग उघडून ती शब्दांची यादी तपासली. मी भरलेल्या सगळ्या शिव्या जागच्या जागी आहेत. त्याखाली मी न भरलेल्या आणखी सहा आहेत, त्यातल्या चार मी गुपचूप काढलेल्या कॉमेंटमधल्या. त्या तू कधी आणि कशा पाहिल्यास, माहीत नाही. तुझ्या गावाचं नाव यादीत नाही. ते मी काढलेलं नाही, सनानंही नाही.

शेवटच्या व्हिडिओतलं पहिलं वाक्य असं आहे: “बायांनो, मी हलीमा, गाव उंबरखार, तालुका मुरूड, जिल्हा रायगड.”

त्या व्हिडिओखाली सोमवारी संध्याकाळी सात वाजता फुलाच्या चित्रावाल्या मुलीची कॉमेंट आली. चौथी. ती कुठेही थांबली नाही. तिनं लिहिलं आहे, ‘मी पण उंबरखारची. आज तोंड दिसलं तुमचं.’ केसांबद्दल या वेळी काही नाही.

मंगळवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी तू तिला उत्तर दिलंस: ‘दिसलं ना? आता केस कसे विंचरायचे ते दाखवते. लाकडाची फणी आणून ठेव, रुंद दातांची.’